मोठ्या बाहुलीचा कॅमेरा



उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात खेळून तुम्ही एकदम माजघरात शिरता, तेव्हा काय होतं? क्षणभर काहीच दिसत नाही. माठ कुठे, तांब्या कुठे, काही कळत नाही. पाय पाटाला अडखळतो आणि आजी ओरडते, "डोळे कुठे ठेवलेत रे?" पण थोडा वेळ गेला की सगळं हळूहळू दिसायला लागतं. मधल्या वेळात कुणी दिवा लावलेला नसतो. मग दिसायला लागलं कसं?

उजेड तेवढाच असतो. बदलतो तो तुमचा डोळा. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ना, त्याला आपण बाहुली म्हणतो. ते खरं तर एक छिद्र असतं. भर उन्हात ते आकसून दोनेक मिलिमीटरचं होतं आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत पसरतं. छिद्र मोठं झालं की आत जास्त उजेड शिरतो. शिवाय डोळ्याच्या आतला पडदाही हळूहळू अंधाराला सरावतो. विश्वास बसत नसेल तर घरातल्या मांजराचे डोळे दुपारी बघा आणि रात्री बघा. दुपारी नुसती उभी रेघ, रात्री काळाभोर गोल!

कॅमेऱ्यालाही अशीच एक बाहुली असते. माझ्या कॅमेऱ्याची बाहुली पुरेशी मोठी होत नव्हती आणि त्यामुळे एका आईला दिलेला शब्द मला नीट पाळता आला नाही. त्याचीच ही गोष्ट.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या भागातली पुष्कळ माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर जावंच लागतं. पाच-सहा महिने ती माणसं दूरच्या फडात राहतात, उसाच्या पाचटाच्या कोपीत. काहींची मुलं बरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. काहींची मुलं आजीजवळ गावात राहतात.

माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिसरीत. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आपण तिला चिमणी म्हणू या, कारण ती चिमणीसारखीच एका जागी कधी बसत नसे. तिच्या आईने त्या वर्षी ठरवलं, पोरीला फडात न्यायचं नाही. ती आजीजवळ राहील आणि शाळेत जाईल. मला खूप आनंद झाला. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी मोठा क्यामेरा हाय म्हणं. पोरीचा एक फोटू द्या काढून. कागदावरला. मोबाइलला फडात चार्जिंग कुठलं?"

कॅमेरा होता खरा. माझ्या धाकट्या भावाने नवा घेतला तेव्हा जुना मला दिला होता. त्याला पुढे-मागे करता येणारी झूम लेन्स होती. मी लगेच म्हटलं, "काढू की! त्यात काय?" मोठा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो, अशी माझी साधीसरळ समजूत होती.

चिमणीच्या घरी गेले तेव्हा दिवस मावळला होता. घरात एकच दिवा जळत होता. चिमणीला उंबऱ्यात बसवलं. पहिला फोटो काढताना कॅमेऱ्याचा फ्लॅश आपोआप उडाला. वीज चमकल्यासारखा! चिमणीने डोळे घट्ट मिटले. फोटोत तिचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. दुसऱ्या फोटोलाही तेच. तिसऱ्या वेळी तर ती आधीच डोळे झाकून बसली. मग मी फ्लॅश बंद केला. चिमणी हसली, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर फोटो छान दिसला. मी खूष होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तालुक्याला गेले, फोटो स्टुडिओत. फोटो छापून हातात आला आणि माझा चेहराच उतरला. चिमणीचं तोंड सगळं फिसकटलं होतं. एका नाकाची दोन नाकं झाल्यासारखी वाटत होती. लहान पडद्यावर जे दिसलं नव्हतं, ते कागदावर मोठं होऊन दिसत होतं.

परत जाऊन दुसरा काढायला वेळ नव्हता. दुपारी टोळी निघणार होती. मी तसाच तो फोटो घेऊन गावात आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोंबड्या, माणसं सगळं भरलं होतं. मी आईच्या हातात फोटो दिला आणि म्हटलं, "हलला हो. नीट नाही आला." तिने बराच वेळ फोटो पाहिला. काही बोलली नाही. पिशवीत नीट ठेवला. ट्रॅक्टर गेला.

मुलांनो, मुलांची गणितं चुकली की मी त्यांना म्हणते, "चुकलं ते चुकलं. पण कुठे चुकलं ते शोधा." आता ते माझ्यावर आलं होतं. त्या आठवड्यात मी पुन्हा स्टुडिओत गेले. तिथले काका आयुष्यभर लग्नांचे फोटो काढत आलेले. त्यांनी माझा फोटो संगणकावर उघडला आणि त्याबरोबर नोंदलेले आकडे दाखवले. "हे बघा बाई. उजेड कमी होता म्हणून कॅमेऱ्याने पडदा एका सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवला. तेवढ्यात पोरगी हलली. लहान मूल तेवढा वेळ स्थिर राहील का?"

"मग कॅमेरा पाटावर ठेवून काढला असता तर?" मी विचारलं.

"तर तुमचा हात हलला नसता. पोरगी हललीच असती."

हे अगदी खरं होतं. मग काका म्हणाले, "तुमच्या लेन्सचं तोंड लहान आहे." आणि त्यांनी लेन्सच्या कडेवर लिहिलेले आकडे मला वाचायला लावले: १८-५५ मिलिमीटर, ३.५-५.६. हे आकडे मी शंभरदा पाहिले होते, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. तुम्हीही घरातल्या वस्तूंवरचे आकडे असेच बघत असाल. विचारत जा!

तर त्याचा अर्थ असा. पहिला आकडा नाभीय अंतराचा. ते मोठं असेल तर लांबची वस्तू जवळ दिसते, लहान असेल तर चित्रात जास्त जागा मावते. दुसरा आकडा त्या बाहुलीचा. तो 'एफ/५.६' असा लिहितात. एफ म्हणजे नाभीय अंतर. त्याला ५.६ ने भागायचं, म्हणजे बाहुली केवढी उघडते ते कळतं. ५० ला ५.६ ने भागा. उत्तर येतं सुमारे ९. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याची बाहुली तिथे जास्तीत जास्त ९ मिलिमीटर उघडत होती.

काकांनी कपाटातून दुसरी लेन्स काढली. तळहातात मावेल एवढीशी, हलकी. तिच्यावर लिहिलं होतं, ५० मिलिमीटर, एफ/१.८. आता ५० ला १.८ ने भागा. सुमारे २८! नऊ मिलिमीटर कुठे आणि अठ्ठावीस कुठे?

इथे एक गंमत लक्षात ठेवा. आकडा लहान, तर छिद्र मोठं. पुष्कळ मोठी माणसंही इथे गोंधळतात. पण तुम्ही अपूर्णांक शिकला आहात. अर्धी भाकरी मोठी की पाव भाकरी? खालचा आकडा लहान, तर वाटा मोठा. तसंच हे.

आता सांगा, दुसऱ्या लेन्समधून किती पट उजेड येईल? तिप्पट म्हणाल तर फसाल. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि तिच्या तिप्पट रुंद परात ठेवा. परातीत तिप्पट पाऊस पडेल का? नाही, नऊपट पडेल! कारण पाऊस पडतो तो तोंडाच्या क्षेत्रफळावर, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. २८ चा वर्ग ७८४, ९ चा वर्ग ८१. भागाकार करा. जवळजवळ दहापट! जो फोटो काढायला माझ्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागला, तो या लेन्सने दीडशेव्या भागाच्या आसपास निघाला असता. तेवढ्यात चिमणी हलून हलून किती हलणार?

कमी वेळात काम उरकते म्हणून अशा लेन्सला फोटोवाले 'फास्ट' म्हणतात. आणि तिला झूम नसतं, एकच नाभीय अंतर असतं, म्हणून तिला 'प्राइम' म्हणतात. झूम लेन्सच्या आत बरीच भिंगं असतात आणि ती पुढेमागे सरकतात. तिला अनेक कामं करायची असतात. प्राइम लेन्सला एकच काम. म्हणून तिचं तोंड थोड्या खर्चात मोठं ठेवता येतं. मोठ्या तोंडाच्या झूम लेन्सही असतात, पण त्या जड असतात आणि महाग तर विचारू नका.

ही मोठ्या तोंडाची ओढ फार जुनी आहे बरं का. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. माणसाचा फोटो काढायचा तर त्याने तेवढा वेळ पुतळ्यासारखं बसायचं. डोकं हलू नये म्हणून मागून आधाराचा चिमटासुद्धा लावत. पुढच्याच वर्षी, १८४० साली, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून एफ/३.६ ची लेन्स आखली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. बघा, कागदावरच्या गणिताने माणसांची केवढी सोय केली! त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९६६ साली, झाइस कंपनीने अमेरिकेच्या 'नासा' या अवकाश संस्थेसाठी एफ/०.७ च्या मोजक्या लेन्स बनवल्या. त्यांतल्या काही स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने मिळवल्या आणि १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटातले काही प्रसंग चक्क मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले.

मला काही चित्रपट काढायचा नव्हता. पण एक वापरलेली, स्वच्छ काचेची ५० मिलिमीटरची लेन्स काकांच्या ओळखीत पाच हजारांना मिळत होती. महागाई भत्त्याचा फरक नुकताच जमा झाला होता. त्या पैशातून मिक्सर घ्यायचं ठरलं होतं. मी घरी विषय काढला. आमच्या घरचे म्हणाले, "चटणी पाट्यावर वाटायची तयारी असेल तर घे." मी आणखी एक वर्ष पाट्यावर चटणी वाटली. चव चांगलीच लागते!

काकांनी घेताना एक गोष्ट शिकवली. जुनी लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. घ्यायची नाही. आमच्या लेन्सला तसं काही नव्हतं.

आणि खरंच, वर्ग बदलून गेला. म्हणजे वर्ग तोच होता, पत्र्याचा, एका खिडकीचा. पण आता फ्लॅश नको होता. पावसाळी दुपारी वीज गेलेली असतानाही फोटो येऊ लागले. बेरीज करताना जीभ बाहेर काढणारा मुलगा, कानात पेन्सिल खोचलेली मुलगी, डब्यातली भाजी एकमेकींना देणारे हात. फ्लॅश उडत नाही म्हटल्यावर मुलं कॅमेरा विसरून गेली. पूर्वी माझ्या सगळ्या फोटोंत मुलं 'फोटोला बसलेली' असायची. आता ती नुसती असायची.

पण थांबा. नवी लेन्स आली आणि सगळं सुरळीत झालं, असं सांगितलं तर ती थाप होईल.

पहिली अडचण पायांची. झूम गेलं. पूर्वी मी जागेवर उभी राहून कडं फिरवायची, चित्र जवळ-लांब व्हायचं. आता जवळ हवं तर पुढे जा, लांब हवं तर मागे व्हा. त्यातून माझ्या कॅमेऱ्याचा आतला उजेड टिपणारा पडदा जुन्या फिल्मपेक्षा लहान, म्हणून ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. चित्रात कमी जागा मावते. मागे सरकता सरकता मी एकदा फळ्यावर आपटले आणि अख्खा वर्ग खोखो हसला. पाठीवर खडूचा पाढा उमटला होता! आता वाटतं, ३५ मिलिमीटरची घेतली असती तर आमच्या वर्गाला जास्त शोभली असती. तुम्ही कधी घेतलीत तर आधी खोली मोजा आणि मग लेन्स निवडा. पण चालण्याचा एक फायदा झाला. मुलाचा फोटो काढायचा तर त्याच्याजवळ जाऊन, त्याच्या उंचीला वाकून बसावं लागे. जवळ गेलं की दोन शब्द बोलणं होतं. फ्रान्सचे थोर छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही आपले बहुतेक फोटो एकाच ५० मिलिमीटरच्या लेन्सने आणि फ्लॅशशिवाय काढले, हे कळलं तेव्हा मला धीर आला.

दुसरी अडचण मोठी होती. तिने मला एक धडाच दिला.

आमच्या शाळेची एक प्रथा आहे. वर्षाअखेरीला वर्गाचा एकत्र फोटो काढून भिंतीवर लावायचा. त्या दिवशी बाहेर वावटळ होती, म्हणून मी फोटो वर्गातच काढला. पुढची रांग जमिनीवर, मधली बाकांवर, शेवटची उभी. लेन्स पूर्ण उघडी, एफ/१.८. फोटो भिंतीवर लागला. मुलं आपापला चेहरा शोधायला लागली. शेवटच्या रांगेतला एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाई, आम्ही मागं उभं राहिलो म्हणून आम्हाला पुसलं का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता येत होती. मागच्या रांगेतले चेहरे मात्र धुक्यात असल्यासारखे. एकही ओळखू येईना.

असं का झालं? त्यासाठी एक प्रयोग करा. तुमच्या वर्गात कुणाला लांबचं कमी दिसत असेल, चष्मा लागला असेल, तर त्याला चष्मा काढायला सांगा. फळ्यावरची अक्षरं त्याला पुसट दिसतील. मग जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि त्यातून एका डोळ्याने फळ्याकडे बघायला सांगा. अक्षरं अंधारी दिसतील, पण आधीपेक्षा स्पष्ट! (सूर्याकडे मात्र असं मुळीच बघायचं नाही. डोळे कायमचे जातील.) म्हणजे काय? छिद्र लहान असेल तर उजेड कमी येतो, पण जवळचं आणि लांबचं बरंचसं एकदम स्पष्ट दिसतं. छिद्र मोठं असेल तर उजेड भरपूर, पण ज्या अंतरावर नेम धरलाय तेवढंच स्पष्ट. त्याच्या पुढचं आणि मागचं धूसर.

एका मीटरवरून माझ्या लेन्सने पूर्ण उघड्या तोंडाने फोटो काढला तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, तर कान धूसर. चार मीटरवरूनसुद्धा स्पष्ट भाग अर्ध्या मीटरच्या आतच. तीन रांगा त्यात कशा मावणार? एका मुलाचा फोटो काढताना हे धूसर होणं छान दिसतं. मागचा पसारा नाहीसा होतो आणि चेहरा उठून दिसतो. मला त्याची इतकी हौस वाटू लागली होती की मी लेन्स सदा सताड उघडीच ठेवत होते. कोणाला स्पष्ट ठेवायचं आणि कोणाला पुसायचं हे आपण ठरवतो आहोत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते त्या मुलाच्या ध्यानात आलं, कारण पुसला गेला होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना झाडाखाली नेलं. बाहेर उजेडाला तोटा नव्हता. मग मोठ्या बाहुलीची गरज काय? ती एफ/८ पर्यंत लहान केली आणि नेम मधल्या रांगेवर धरला. तिन्ही रांगा स्पष्ट आल्या. जुना फोटो उतरवून हा लावला. तो मुलगा रोज येता-जाता त्याच्याकडे बघतो.

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा आता म्हणेल, "बाई, आमच्या मोबाइलच्या लेन्सचा आकडापण १.८ आहे. मग तो पाच हजारांची लेन्स फुकट देतो का?" शाबास! पण भागाकार करून बघ. मोबाइलच्या लेन्सचं नाभीय अंतर ५.४ मिलिमीटर असेल, तर त्याची बाहुली झाली फक्त ३ मिलिमीटरची. आतला पडदाही नखाएवढा. म्हणून एकूण उजेड थोडाच. मोबाइल त्यावर हुशारीने मात करतो. तो भराभर अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, आणि मागचं धूसर करायचं असेल तर बरंचसं हिशेबाने करतो. त्यामुळे कधी कधी केसांच्या कडा किंवा चष्म्याची काडीही पुसून टाकतो. पण मोबाइललाही हिणवू नका. उजेड ओळखता आला तर त्यानेही सुंदर फोटो येतात.

पुढची दिवाळी आली. चिमणी चौथीत गेली होती. टोळी निघायच्या चार दिवस आधीच मी तिच्या घरी गेले. या वेळी मला कुणी बोलावलं नव्हतं. तीच संध्याकाळ, तोच एक दिवा. मी काही सांगितलं नाही. चिमणी आजीजवळ बसून तांदूळ निवडत होती आणि तोंडाने अखंड बडबडत होती. मी समोर जमिनीवर बसले. लेन्स एफ/२ वर ठेवली, कारण पूर्ण उघडी ठेवली तर दोन्ही डोळे स्पष्ट यायची खात्री नव्हती. आकडा दाखवत होता, सेकंदाचा सव्वाशेवा भाग. नेम तिच्या डोळ्यावर धरला आणि बटण दाबत गेले. वीस-पंचवीस फोटो काढले असतील. नीट आले त्यांतले चार. हेही लक्षात ठेवा हं. चांगली लेन्स असली तरी चारच!

मी उठले तेव्हा चिमणी म्हणाली, "बाई, आईचा पण काढा ना. मला ठिवायला."

मी चपापले. गेल्या वर्षी आईला लेकीचा फोटो हवा होता, म्हणून मी एवढी धडपडले. पण इथे मागे राहणाऱ्या लेकीलाही आईचा फोटो हवा असेल, हे मला, रोज तिला शाळेत बघणाऱ्या बाईला, वर्षभर सुचलं नव्हतं. मीही एकाच अंतरावर नेम धरून बसले होते म्हणा ना! आई आधी लाजली. मग पदर सारखा करून चुलीपुढे बसली. चुलीतल्या जाळाचा उजेड तिच्या एका गालावर पडला. तो फोटो पहिल्याच फटक्यात आला.

निघायच्या दिवशी मी दोन पाकिटं घेऊन ट्रॉलीपाशी गेले. एक आईला दिलं, एक चिमणीला. आईने पाकीट उघडलं. तांदूळ निवडणारी, हसणारी चिमणी. पापण्यांचे केससुद्धा दिसत होते. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि हसली. मग पिशवीत हात घालून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो गेल्या वर्षीचा, हललेला फोटो होता! कोपरे झिजलेले, एका बाजूला धुराचा डाग. सहा महिने कोपीत राहून आलेला.

मी ओशाळून म्हटलं, "द्या तो इकडे. आता हा चांगला आलाय ना. तो फेकून देते."

"नगं नगं," तिने तो झटकन छातीशी धरला. "ह्यो बी न्हेते. ह्याच्यात पोर हलतीया, बाई."

तिने दोन्ही फोटो एकाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. ट्रॅक्टर सुरू झाला. चिमणी आपलं पाकीट घट्ट धरून, हात हलवत बरंच अंतर मागे धावली.

तेव्हा मुलांनो, या दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा. घरात जो माणूस फोटोत कधी नसतो, सदा स्वयंपाकघरात किंवा कामावर असतो, त्याचा एक फोटो काढा. मोबाइल असला तरी चालेल. फ्लॅश बंद करा. त्या माणसाला खिडकीजवळ किंवा दाराच्या उजेडात बसवा, जवळ जा, डोळ्यांवर नेम धरा आणि हात स्थिर ठेवा. मग तो फोटो नुसता मोबाइलमध्ये ठेवू नका. कागदावर छापून घ्या आणि ज्याला तो हवा असेल त्याला द्या.

आणि हलला तर? तरीही द्या. पण कुठे चुकलं ते शोधून दुसरा काढा.